तीन लढाया एकाच वेळी : ‘रिटर्न ऑफ द जेडाय’चा शेवट कसा बांधला आहे

२५ मे १९८३ रोजी ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा आधीच्या दोन चित्रपटांनी करून ठेवलेली सगळी उधारी त्याला फेडायची होती. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने शेतावर वाढलेला एक पोरगा, एक राजकन्या, एक तस्कर आणि काळ्या मुखवट्यातला एक खलनायक उभा केला. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ने सगळ्यांना अर्ध्यावर सोडलं. तस्कर हान सोलो कार्बोनाइटमध्ये गोठवलेला, ल्यूक स्कायवॉकरचा उजवा हात तुटलेला, आणि तो तोडणारा डार्थ व्हेडर ‘मीच तुझा बाप’ असं सांगून मोकळा झालेला. हे खरं की थाप? व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्स यांनाही तो संवाद पहिल्यांदा वाचताना व्हेडर खोटं बोलतोय असंच वाटलं होतं.

तिसऱ्या चित्रपटाची शेवटची साधारण चाळीस मिनिटं हे सगळं मिटवतात. त्यात जमिनीवर एक लढाई आहे, अवकाशात दुसरी आणि एका बंद दालनात तिसरी. तिन्ही एकाच वेळी चालतात, तरी प्रेक्षक कुठेही हरवत नाही. ही जुळणी नेमकी कशी केली आहे, ते इथे उलगडून पाहू. चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो पाहा, कारण पुढे सगळंच सांगितलेलं आहे.

बीजं कुठे पेरली आहेत

नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत. मुखसंधीत बीज पेरलं जातं आणि निर्वहणसंधीत विखुरलेली सगळी बीजं एका प्रयोजनाशी आणून जोडली जातात. निर्वहणात अद्भुत रस असावा, असंही तिथे म्हटलं आहे. हा चित्रपट समजून घ्यायला ही चौकट फार उपयोगी पडते, कारण त्याच्या शेवटातली जवळजवळ प्रत्येक कृती आधी कुठेतरी पेरलेली आहे.

सगळ्यात महत्त्वाचं बीज दुसऱ्या चित्रपटात आहे. डॅगोबा ग्रहावर जेडाय योद्ध्यांचा वृद्ध गुरू योडा ल्यूकला एका गुहेत पाठवतो आणि शस्त्रांची गरज नाही असं बजावतो. ल्यूक तरीही शस्त्रं घेऊनच जातो. आत त्याला व्हेडर दिसतो. ल्यूक त्याचं डोकं उडवतो, मुखवटा फुटतो आणि आत ल्यूकचाच चेहरा असतो. त्या वेळी या प्रसंगाचा पूर्ण अर्थ लागत नाही. तो लागतो थेट तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी.

दुसरं बीज लहान आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. तिसऱ्या चित्रपटाच्या पहिल्या भागात, वाळवंटातल्या लढाईत, ल्यूकच्या कृत्रिम हातावर गोळी बसते. वरची कातडी फाटून आतलं यंत्र दिसतं. मग तो त्या हातावर काळा हातमोजा चढवतो. हा हातमोजा शेवटपर्यंत तसाच राहतो. दिग्दर्शकाने त्याबद्दल एकाही पात्राच्या तोंडी वाक्य घातलेलं नाही, फक्त तो दिसत राहील याची काळजी घेतली आहे.

तिसरं बीज पेरण्यासाठी तर हानला कैदेत ठेवणाऱ्या गुंडप्रमुख जॅबाच्या वाड्याचा अख्खा भाग वापरलाय. हानला सोडवायला एवढा वेळ कशाला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण तिथे ल्यूक कसा प्रवेश करतो ते पाहा. काळे कपडे, चेहरा झाकलेला, आणि दारावरचे पहारेकरी तो हात न लावता गळा आवळून बाजूला करतो. असा गळा आवळणं ही आधीच्या दोन चित्रपटांत व्हेडरची ओळख होती. मग तो जॅबाला सरळ धमकी देतो. नायक सामर्थ्यवान झालाय याचा आनंद होतो, पण तो कोणासारखा होत चाललाय ही शंकाही रुजते. ही शंका नसती तर शेवटच्या दालनात ‘ल्यूक घसरेल का’ हा प्रश्न पोकळ ठरला असता. नायक वाईट मार्गाला जाणार नाही हे प्रेक्षकाला एरवी ठाऊकच असतं. इथे ती खात्री मुद्दाम खिळखिळी केली आहे.

व्हेडर खरंच बाप आहे का, हा प्रश्न मात्र दालनापर्यंत ताणलेला नाही. मृत्युशय्येवरचा योडा त्याचं स्पष्ट उत्तर देऊन टाकतो. या मालिकेचे कर्ते जॉर्ज लुकास यांनी याबाबत मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता. खलनायकाने सांगितलेलं असं सत्य लहान मुलं स्वीकारत नाहीत, ते विश्वासातल्या माणसाने निःसंदिग्ध शब्दांत सांगावं लागतं, असं त्यांना सांगण्यात आलं. पटकथेच्या दृष्टीनेही हे बरोबर आहे. शेवटाकडे जाताना ‘खरं काय आहे’ हा प्रश्न संपलेला हवा, म्हणजे ‘आता करायचं काय’ हा एकच प्रश्न उरतो.

तीन आघाड्या आणि त्यांची साखळी

आता मुख्य यंत्रणा. एन्डॉरच्या जंगली उपग्रहावर एक जनित्र आहे. त्यातून निघणारं कवच वरच्या अर्धवट बांधलेल्या डेथ स्टारचं, म्हणजे साम्राज्याच्या महाकाय युद्धतळाचं, रक्षण करतं. हान, राजकन्या लेया आणि त्यांच्या तुकडीने ते जनित्र उडवायचं. कवच पडलं की बंडखोरांच्या अ‍ॅडमिरल अ‍ॅकबारच्या ताफ्यातली विमानं डेथ स्टारच्या पोटात शिरून अणुभट्टी फोडणार. हानचा जुना मित्र लँडो कॅल्रिसियन या हल्ल्याच्या अग्रभागी, हानच्या ‘मिलेनियम फाल्कन’ यानात. आणि त्याच डेथ स्टारवर, व्हेडरचा धनी असलेल्या सम्राटाच्या दालनात, ल्यूक स्वतःहून शरण जाऊन पोहोचलेला आहे.

म्हणजे पहिली आघाडी जिंकल्याशिवाय दुसरी पुढे सरकू शकत नाही, आणि दुसरी जिंकली तर तिसऱ्या आघाडीवरचे सगळेच मरणार. समांतर संकलनाचा हा पहिला नियम आहे: धागे नुसते शेजारी ठेवून भागत नाही, एकाने दुसऱ्याचं काहीतरी अडवून धरलेलं असावं लागतं. नाहीतर प्रत्येक कट म्हणजे रंगात आलेला प्रसंग मधेच तोडणं ठरतं, आणि प्रेक्षक मनातल्या मनात ‘अरे, परत तिकडे जा’ म्हणत बसतो. इथे जंगलात उशीर झाला की तो ताफ्याला भोवतो. म्हणून जंगलातून अवकाशात उडी मारली तरी आपण त्याच चिंतेत असतो.

दालनाला जोडणारी कडी आणखी हुशारीने घडवली आहे. तिथे एक मोठी गोल खिडकी आहे. सम्राट ल्यूकला त्या खिडकीशी उभा करून बाहेर त्याचे मित्र कसे मरताहेत ते दाखवतो. हल्ल्याची माहिती मुद्दाम फुटू दिली होती, कवच चालूच आहे, आणि अर्धवट वाटणाऱ्या डेथ स्टारची तोफ पूर्ण तयार आहे, हे सगळं तो सावकाश, चवीने सांगतो. त्यामुळे बाहेरच्या लढाईचं प्रत्येक दृश्य आत सम्राटाच्या हातातलं हत्यार बनतं. एक जहाज फुटलं की ल्यूकची नजर आसनाच्या हातावर ठेवलेल्या आपल्या लाइटसेबरकडे, म्हणजे प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीकडे, वळते. अवकाशयुद्धाची सगळी भव्यता एका माणसाच्या रागाचं इंधन म्हणून वापरली आहे. ही या शेवटाची सर्वांत मोठी युक्ती आहे, असं माझं ठाम मत आहे.

तिन्ही ठिकाणं डोळ्याला आणि कानाला पूर्ण वेगळी आहेत. जंगल हिरवं-तपकिरी, दिवसाउजेडी, लाकूड आदळण्याचे आवाज. अवकाश काळंभोर, त्यात बंडखोरांचे लाल आणि साम्राज्याचे हिरवे किरण. दालन करडं, थंड, जवळजवळ निःशब्द, नुसती यंत्रांची घरघर. कट पडल्यावर आपण कुठे आलो हे कळायला क्षणभरही लागत नाही. पडद्यावर स्थळाचं नाव टाकण्याची गरजच उरत नाही.

आता क्रम पाहा. आधी तिन्हीकडे हार होते: जंगलात हान-लेया पकडले जातात, ताफा सापळ्यात सापडतो, ल्यूक चिथावणीला बळी पडून लाइटसेबर उचलतो. नंतर जंगलात तिथले ठेंगणे, केसाळ रहिवासी इवॉक चाल करून येतात आणि पारडं फिरू लागतं. इथे एक घोटाळा होण्यासारखा होता. बाहेर सगळं सुधारत गेलं आणि आतही सुधारलं, तर शेवट सपाट झाला असता. म्हणून बाहेर यश जवळ येऊ लागतं तेव्हाच आत परिस्थिती चिघळते. लेया ही ल्यूकची बहीण आहे, याचा पत्ता व्हेडरला ल्यूकच्या मनातून लागतो. तू आमच्या बाजूला आला नाहीस तर तिला वळवीन, असं तो म्हणतो. ल्यूक भडकून त्याच्यावर तुटून पडतो, त्याला रेटत नेतो आणि त्याचा हात तोडतो. तुटलेल्या हातातून तारा बाहेर लोंबतात.

आणि इथे सगळी बीजं एकत्र येतात. ल्यूक त्या यांत्रिक हाताकडे पाहतो, मग हातमोजा घातलेल्या आपल्या हाताकडे. गुहेत मुखवट्याआड दिसलेला चेहरा तोच होता. योडाने नको म्हटलेलं शस्त्र तो आता फेकून देतो आणि मी जेडाय आहे, माझ्या बापासारखा, असं सम्राटाला सांगतो. लगेच कट: जंगलातलं जनित्र उडतं, कवच पडतं. युद्ध जिंकायची वाट मोकळी होते आणि नायक निःशस्त्र उभा असतो.

एक गोष्ट शांतपणे विचार केल्यावरच लक्षात येते. दालनातला अख्खा प्रसंग कापून टाकला तरी डेथ स्टार फुटणारच होता. जनित्र हान आणि लेयाने उडवलं, अणुभट्टी लँडो आणि बंडखोर वैमानिक वेज अँटिलीसने फोडली. ल्यूकने काहीही केलं नसतं तरी सम्राट त्या स्फोटात मेला असता. पहिल्या चित्रपटात ल्यूकच्या एका अचूक नेमावर सगळं अवलंबून होतं. इथे त्याच्यावर युद्धाचा निकाल मुळीच अवलंबून नाही. त्याची लढाई फक्त एवढ्यासाठी आहे की त्या स्फोटात मरणारा बाप कोण असेल, आणि तिथून बाहेर पडणारा मुलगा कोण असेल. बाहेरचं युद्ध बॉम्बने सुटतं, आतलं युद्ध लढायला नकार देऊन सुटतं. नुसता बाहेरचा स्फोट दाखवला असता तर तो पहिल्या चित्रपटाची नक्कल झाला असता. नुसता आतला नकार दाखवला असता तर साहसपट पाहायला आलेला प्रेक्षक अर्धपोटी घरी गेला असता. दोन्ही एकमेकांत विणले म्हणूनच समाधान होतं.

विनोदाचं गणितही सांभाळलेलं आहे. इवॉकांच्या गमतीजमती आणि ल्यूकचा छळ हे शेजारी-शेजारी आले असते तर दोन्ही नासले असते. म्हणून जनित्र उडाल्यावर जंगलाचा धागा जवळजवळ गुंडाळूनच टाकला आहे. सम्राटाच्या बोटांतून वीज निघते तेव्हा पडद्यावर कोणीही गंमत करत नाही. संकलनाचं श्रेय शॉन बार्टन, मार्शा लुकास आणि ड्युवेन डनहॅम यांना आहे, आणि हा निर्णय त्यांच्या कामातला सर्वांत समंजस निर्णय आहे.

मुखवट्याचा अभिनय

सम्राट ल्यूकला विजेचे झटके देतोय. ल्यूक बापाला हाका मारतोय. बाप शेजारी उभा आहे आणि त्याला निर्णय घ्यायचा आहे. आता अडचण बघा. संपूर्ण मालिकेचं वळण ज्या क्षणावर आहे, त्या क्षणी महत्त्वाच्या पात्राला चेहराच नाही. आत डेव्हिड प्राउझ यांचं शरीर, नंतर ऐकू येणारा आवाज जोन्स यांचा, आणि वर निर्विकार काळा मुखवटा.

हे सोडवण्याचं तंत्र सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी एका नटाचा तोच भावहीन चेहरा आळीपाळीने सूपची थाळी, शवपेटी अशा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. भाव चेहऱ्यावर नव्हताच, तो दोन दृश्यांच्या जोडणीतून प्रेक्षकाने स्वतः भरला होता. इथे तेच केलं आहे. तळमळणारा ल्यूक, मुखवटा. हसणारा सम्राट, मुखवटा. पुन्हा ल्यूक. मान किंचित वळते, पुन्हा वळते. विजेचा निळसर उजेड काळ्या मुखवट्यावर थरथरतो, आणि त्या हलत्या उजेडामुळे मुखवट्यात जीव आल्यासारखा भासतो. बाकी सगळं आपण भरतो. मग व्हेडर सम्राटाला उचलतो आणि खोल खड्ड्यात फेकून देतो. फेकताना वीज त्याच्या स्वतःच्या अंगातून जाते. त्याची श्वसनयंत्रणा निकामी होते, म्हणजे या निर्णयाची किंमत त्याच क्षणी वसूल होते.

या निर्णयामागे आणखी एक कारण आहे, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. थोडंच आधी, व्हेडर हात तुटून खाली पडलेला असताना, सम्राट ल्यूकला म्हणतो की बापाला मार आणि त्याची जागा घे. व्हेडर हे ऐकतो. ज्या धन्यासाठी सगळं गमावलं, तो धनी आपली जागा आपल्या देखत दुसऱ्याला देतोय, आणि ज्याला देतोय तो मुलगा मात्र ती नाकारून आपल्याला जिवंत ठेवतोय. नुसत्या पितृप्रेमाच्या उमाळ्यापेक्षा हे कारण कितीतरी भक्कम आहे.

जॉन विल्यम्स यांच्या संगीताने ही कमान आणखी ताणली आहे. सम्राटासाठी शब्दहीन पुरुषी कोरस आहे. ल्यूक रागाने बापावर तुटून पडतो तेव्हाही कोरसच चढत जातो. त्यामुळे तो जिंकत असला तरी कान सांगत असतात की काहीतरी चुकतंय. साध्या साहसपटात इथे तुताऱ्या वाजल्या असत्या. आणि व्हेडर मरतो तेव्हा त्याचंच ‘इम्पीरियल मार्च’ वाजतं, जे १९८०मध्ये पितळी वाद्यांच्या दणक्यात पहिल्यांदा आलं होतं. फक्त आता ते मंद, सुटं सुटं, बासरीसारख्या हलक्या वाद्यांतून येतं आणि शेवटी हार्पच्या तारांवर विरतं. धून तीच, वाद्यं बदलली की माणूस बदलतो.

मुखवटा काढल्यावर दिसणारा चेहरा सेबॅस्टियन शॉ या ज्येष्ठ ब्रिटिश नटाचा आहे. ओळखीचा मोठा तारा घेण्याचं टाळलं, हे उत्तम झालं. तिथे एक दमलेला म्हातारा माणूस दिसायला हवा होता.

कपड्यांकडेही एकदा नजर टाका. शेवटी ल्यूकच्या काळ्या अंगरख्याची एक बाजू उलगडून आतलं फिकट अस्तर दिसू लागतं. तो काळा का घालून आला होता आणि आता काय बदललं, याचं उत्तर त्या अस्तरात आहे.

पडद्यामागचं काम

संगणकाने चित्र बनवणं रुळण्याच्या आधीचा हा काळ. अवकाशयुद्धातलं प्रत्येक यान म्हणजे निळ्या पडद्यासमोर चित्रित केलेलं एक प्रतिरूप. संगणक इथे फक्त कॅमेरा हलवायला होता. तीच हालचाल तो हुबेहूब पुन्हा पुन्हा करवून घेई, म्हणजे एका फेरीत यानाचं अंग, दुसरीत इंजिनांचा उजेड, असं वेगवेगळं टिपता येई. मग निळा रंग गाळून यानाच्या आकाराचा काळा साचा काढायचा. ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर तारे, यान, किरण, स्फोट हे सगळे थर एकावर एक पुन्हा चित्रित करायचे. एका दृश्यात पन्नास यानं असतील तर कामाचा ढीग किती, याची कल्पना करा.

यात बिघडायला खूप जागा आहे. साचा केसभर सरकला तर यानाभोवती काळी किनार उमटते. पांढऱ्या चकचकीत पृष्ठभागावर निळा प्रकाश परावर्तित झाला तर यंत्राला तिथे ‘पडदा’ दिसतो आणि यानाला भोक पडतं. प्रत्येक पुनर्चित्रणात दाणे वाढतात आणि चित्र मळकट होतं. यावर लुकास यांच्याच इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणामांच्या कंपनीने जुना व्हिस्टाव्हिजन प्रकार वापरला. नेहमीच्या ३५ मिमी पद्धतीत एक चौकट फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी असते, व्हिस्टाव्हिजनमध्ये फिल्म आडवी धावते आणि चौकट आठ छिद्रांएवढी होते. मूळ चित्रच मोठं असल्यामुळे नंतरचे थर चढवूनही ते टिकतं. तरी एक दोष राहिलाच. यानांभोवतीचा नको असलेला भाग झाकणारे चौकोनी तुकडे चित्रपटगृहात दिसत नसत, पण घरगुती व्हिडिओवर, टीव्हीचा उजेड वाढवलेला असला की, ते लढाऊ यानांभोवती फिकट चौकटींसारखे उघडे पडत. १९९७च्या दुरुस्तीत अशी बरीच दृश्यं नव्याने जोडून स्वच्छ केली गेली.

जंगलातला वेगवान स्पीडर बाइकचा पाठलाग मात्र कल्पकतेचा कळस आहे. अंगावर बांधूनही कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या स्टेडीकॅमचे जनक गॅरेट ब्राउन कॅलिफोर्नियातल्या रेडवूड झाडांमधून कॅमेरा घेऊन चालत गेले. कॅमेरा सेकंदाला पाऊण चौकट इतक्या संथ गतीने फिल्म टिपत होता. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी दाखवला जातो, म्हणजे वेग ३२ पट. ताशी ५ किलोमीटर चाल पडद्यावर ताशी १६० किलोमीटर होते. यात धोका असा की दोन चौकटींमध्ये एक सेकंदाहून जास्त अंतर असल्याने हाताचा बारीकसा डुगडुगही ३२ पट वेगाने दिसतो. म्हणून कॅमेऱ्याला जायरोस्कोप जोडले आणि दूरचा एक ठरावीक बिंदू धरून पावलं टाकली. नट आणि बाहुल्या नंतर निळ्या पडद्यासमोर चित्रित करून या पार्श्वभूमीवर बसवल्या. त्याआधी खेळण्यातल्या बाहुल्या आणि छोटा व्हिडिओ कॅमेरा वापरून संपूर्ण पाठलागाचा कच्चा आराखडा बनवला होता, त्यामुळे महागडी फिल्म वाया गेली नाही.

दोन पायांवर चालणारी यंत्रं फिल टिपेट यांच्या गो-मोशन पद्धतीची आहेत. साध्या स्टॉप-मोशनमध्ये बाहुली प्रत्येक चौकटीत स्थिर असते, त्यामुळे हालचाल तुटक वाटते. गो-मोशनमध्ये शटर उघडं असतानाच मोटरी बाहुलीला किंचित हलवतात. त्यातून येणारा अंधुकपणा डोळ्याला खऱ्या हालचालीसारखा वाटतो. या सगळ्या कामासाठी रिचर्ड एडलंड, डेनिस म्यूरेन, केन राल्स्टन आणि टिपेट यांना विशेष ऑस्कर मिळालं.

जे जमलं नाही

पुन्हा डेथ स्टारच का, ही तक्रार रास्त आहे. तोच धोका दुसऱ्यांदा आला की त्याची धार कमी होते. सुरुवातीच्या खर्ड्यांत साम्राज्याची राजधानी असलेला ग्रह होता, पण तो वगळला गेला. लेया ही ल्यूकची बहीण असणं हेही घाईने बसवलेलं वाटतं. ‘आणखी एक आहे’ असं दुसऱ्या चित्रपटात सांगून टाकलं होतं, त्याचं उत्तर कुठेतरी द्यायलाच हवं होतं. दालनातल्या रागासाठी ते उपयोगी पडलं हे खरं. पण ज्या लेयाच्या ग्रहाचा पहिल्या चित्रपटात संहार झाला, तिला आपल्या खऱ्या बापाबद्दल काय वाटतं, यासाठी चित्रपट जागाच ठेवत नाही. माझ्या मते ही या शेवटातली सर्वांत मोठी उणीव आहे. हानला जॅबाकडे पोहोचवणाऱ्या बोबा फेट या भाडोत्री शिकाऱ्याचा अंतही अपघातासारखा उरकला आहे.

इवॉकांबद्दल मत दुभंगलेलं आहे. लुकास यांना मुळात तंत्रज्ञान नसलेल्या लोकांनी बलाढ्य सैन्याला हरवायचं होतं, आणि व्हिएतनाम युद्धाचा संदर्भ त्यांच्या मनात होता. आधी वुकी या उंच, केसाळ जमातीचा विचार होता, पण त्याच जमातीतला हानचा साथीदार च्युबॅका यान चालवतो, दुरुस्त करतो, मग त्याची जमात आदिम कशी म्हणायची? म्हणून छोटे इवॉक आले. कल्पना भक्कम आहे. पण ते इतके गोंडस केले की दगड-ओंडक्यांनी चिलखती सैनिक पडताना पाहून विश्वास ताणला जातो. एक इवॉक मरतो आणि त्याचा सोबती त्याला हलवून उठवू पाहतो, ते काही सेकंद नसते तर ही आघाडी कोसळलीच असती.

पटकथाकार लॉरेन्स कॅसडन यांचं म्हणणं होतं की एखादं मुख्य पात्र मरायला हवं. हॅरिसन फोर्ड यांनाही हान मरावा असं वाटत होतं. लुकास यांनी नकार दिला. इथे मी लुकास यांच्या बाजूने आहे. या कथेत ज्या मरणाला अर्थ आहे ते व्हेडरचं. हानचा मृत्यू मधे आला असता तर प्रेक्षकाचा शोक विभागला गेला असता आणि बापाची चिता दुसऱ्या क्रमांकावर गेली असती.

कोणती आवृत्ती पाहाल

आज सहज मिळणारा चित्रपट १९८३चा नाही, हे पाहण्याआधी माहीत असावं. मूळ शेवटात इवॉकांचं नाचगाणं होतं आणि उत्सव फक्त त्यांच्या गावात होता. १९९७च्या विशेष आवृत्तीत ते गाणं काढून विल्यम्स यांची नवी धून घातली आणि टॅटुईन, बेस्पिन, कोरुसांट या ग्रहांवरचा जल्लोष जोडला. डेथ स्टारच्या स्फोटाभोवती पसरणारं कडं आलं तेही तेव्हाच. २००४मध्ये नाबू ग्रहाची भर पडली आणि शेवटी दिसणाऱ्या तिघा आत्म्यांमध्ये शॉ यांच्या जागी नंतरच्या चित्रपटांत तरुण व्हेडर साकारणारे हेडन क्रिस्टेन्सन आले. २०११च्या ब्लू-रेमध्ये व्हेडर सम्राटाला उचलताना ‘नाही’ असं ओरडतो.

संगीताचा बदल मला पटतो, कारण साम्राज्य पडलं ही बातमी एका जंगलापुरती राहत नाही. क्रिस्टेन्सन यांचा बदल पटत नाही: ल्यूकने ज्या म्हाताऱ्याचा चेहरा शेवटच्या क्षणी पाहिला, तोच त्याला दिसायला हवा. आणि ते ‘नाही’ हे तर कुलेशोव्हच्या तत्त्वावरच घाव घालतं. प्रेक्षक जे स्वतः भरत होता ते त्याच्या हातून काढून घेऊन शब्दांत सांगून टाकलं आहे. त्या वीस-पंचवीस सेकंदांपुरता आवाज बंद करून एकदा पाहा. मुखवटा बोलला नाही तरी सगळं कळतं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने १९७७, १९८०, १९८३ हाच क्रम धरावा. १९९९ ते २००५ दरम्यान आलेल्या, आधीची कथा सांगणाऱ्या तीन चित्रपटांपासून सुरुवात केली तर व्हेडर कोण हे आधीच कळतं, मग दुसऱ्या चित्रपटाचा धक्का जातो. सलग बसायला वेळ नसेल तर निदान दुसरा आणि तिसरा पाठोपाठ पाहावेत. गुहेतला चेहरा डोळ्यांसमोर ताजा असताना दालनातला तो हात पाहिला, तर दोन प्रसंगांमधला दुवा वेगळा सांगावा लागत नाही.